मागच्या सीटवरचा रस्ता

गाडीचं चाक सांगाड्याला लोखंडी दांड्यांनी जोडलेलं असतं. मेकॅनिक त्यांना आर्म म्हणतात. आर्मच्या टोकाला एक भोक असतं आणि त्यात रबराची जाड कडी दाबून बसवलेली असते, ती म्हणजे बुश. लोखंडाचा धक्का थेट लोखंडाला लागू नये, एवढंच तिचं काम. गाडी चालवणाऱ्याला बुश कधी दिसत नाही. मलाही दिसला नसता, पण बायकोचा आजार मणक्यात उतरला आणि आम्हाला दर मंगळवारी सोनाळ्याहून अकोल्याला जावं लागलं.

सुरुवात छातीतल्या गाठीपासून झाली होती. ऑपरेशन झालं, केस गेले, पुन्हा आले, दोन वर्षं बरी गेली. मग तिची कंबर दुखायला लागली. गव्हाचं पोतं सरकवताना भरली असेल, असं आम्ही दोघंही धरून चाललो. तपासणीत मणक्यात निघालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हे आता जाणार नाही, थोपवून धरता येईल. त्यासाठी आठवड्याला एक सलाईन. "प्रवास झेपतोय तोवर आणत राहा," ते म्हणाले.

म्हणजे सगळं प्रवासावर आलं. हिवरखेड, अकोट करत जवळपास ऐंशी किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. आमच्याकडची जमीन काळी. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि तिच्यावरच्या डांबरी रस्त्याला दोन-चार वर्षांत लाटा येतात. लाटांवर खड्डे, खड्ड्यांवर ठिगळं. बायको मागच्या सीटवर गुडघे दुमडून आडवी व्हायची. डोकं माझ्या मोठ्या बहिणीच्या मांडीवर. ताई आमच्याकडेच राहते. गाडी बारा वर्षांची होती आणि लाटेवरून जाताना झोळीसारखी डुलायची.

"सुईचं काही नाही," बायको एकदा म्हणाली. "मंगळवार आला का मले रस्त्याचंच भेव वाटते."

रस्ता माझ्या हातात नव्हता, गाडी होती.

तिचा धाकटा भाऊ पुण्याला नोकरीत आहे. त्याला गाड्यांचा भारी नाद. सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर घाटात गाडी पळवायची आणि स्वतःच्या गाडीला काहीबाही नवीन बसवायचं, हा त्याचा छंद. फोनवर मी डुलण्याचं सांगितल्याबरोबर तो म्हणाला, "भाऊजी, बुश गेलेत तुमचे. आता कंपनीचे रबरी टाकूच नका. पॉलीयुरेथेनचे टाका. गाडी रुळावरून गेल्यासारखी जाईल. मीच पाठवतो, बाईसाठी मले एवढं तरी करू द्या." तो बहिणीला बाई म्हणतो.

सेट आला. गडद लाल रंगाच्या, गुळगुळीत, जड कड्या. मी अंगठ्यानं दाबून पाहिल्या, दबेनात. मला ते मालाच्या चांगुलपणाचं लक्षण वाटलं.

मी एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर आहे. कापसाची भरलेली गाडी आत येते, रिकामी बाहेर जाते, दोन्ही वजनं मी घेतो. पंचवीस वर्षं हेच केल्यामुळे डोळ्यांना पटलेली गोष्टही काट्यावर दिसल्याशिवाय मला खरी वाटत नाही. बुश बदलून फरक पडतो की नाही, हे मी मोजायचं ठरवलं. घरातला स्टीलचा गंज घेतला, आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. त्यात बरोबर दोन किलो पाणी भरलं. मागच्या सीटवर जिथे तिची कंबर यायची तिथे चुंबळ ठेवली आणि तिच्यावर गंज. खाली प्लॅस्टिक अंथरलं. गावापासून हिवरखेडच्या बाजूचा एक वाईट तुकडा ठरवून घेतला आणि ताशी तीसच्या वेगानं जाऊन आलो. उरलेलं पाणी जिनिंगमधल्या छोट्या काट्यावर तोललं. सहाशे चाळीस ग्रॅम सांडलं होतं.

बुश दाबून बसवायचं मशीन मलकापूरच्या एका गॅरेजात होतं. गाडी तिकडे नेली. मेकॅनिकनं आर्म खोलले, जुने रबर बाहेर काढले. एकाचे हातातच दोन तुकडे झाले.

"साहेब, हे बुश होय? हे तर जिलबी झाली," तो म्हणाला. लाल कड्या त्यानं हातात वर-खाली केल्या आणि ओळखीच्या पोरीची सोयरीक जमल्यासारखा खूश झाला. "जबरदस्त माल हाय. थोडी कडक वाटंन गाडी, पण रस्ता सोडणार नाही. आता वीस वर्षं पाहूच नका. गाडी जाईन, हे राहतीन."

परत आल्यावर तोच तुकडा, तोच वेग, तेवढंच पाणी. या वेळी सांडलं दोनशे दहा ग्रॅम. मी दोनदा जाऊन आलो, आकडा तोच आला, दहा-पाच ग्रॅम इकडे-तिकडे. मी मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं का?" काट्यावर आलेल्या ओळखीच्या माणसांनाही मी हे सांगितलं. एक हमाल म्हणाला, "साहेब, आमच्या ट्रॅक्टरातही एक गंज ठेवून पाहा एखाद्या दिवशी. पाणी सोडा, गंजही नाही सापडायचा."

पुढच्या मंगळवारी स्टिअरिंग हातात घट्ट वाटलं. वळणावर गाडी कलली नाही, लाटेवर डुलली नाही. अकोल्याला उतरताना मी बायकोला विचारलं, "फरक वाटला का?"

"हाव," ती म्हणाली. "आता डुलत नाही."

ते खरंच होतं.

त्यानंतर दर मंगळवारी आरशात पाहिलं की ती डोळे मिटून पडलेली दिसायची. आधी ती जागी असायची, मधूनमधून ताईशी बोलायची. आता झोप लागते, असं मी धरलं. गाडी रस्ता धरून चालत होती, मागे झोप लागत होती, म्हणून मी पंचेचाळीसच्या जागी साठनं चालवायला लागलो. तेवढाच वेळ वाचतो.

मग ती मंगळवारी सकाळी जेवेनाशी झाली. निघताना दुखण्याची एक गोळी आणि अकोट आलं की दुसरी. आणि एका मंगळवारी गाडी दारात लावून मी आत गेलो तर ती साडी न बदलता पलंगावर बसलेली.

"आज नाही येत मी."

पुढच्या मंगळवारीही तेच. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले खंड पडणं बरं नाही. मी तिच्याजवळ बसून समजावलं. सलाईनचं महत्त्व सांगितलं, आणि शेवटी म्हणालो, "आता तर गाडीही चांगली झाली." तिनं ताईकडे पाहिलं आणि कूस बदलली.

ताईनं मला अंगणात बोलावलं.

"तू समोर बसतं. मागं काय होते, तुले दिसते काय?"

"आरशात दिसते ना. झोपलेली असते."

"झोपलेली? माह्या मांडीवर तिच्या नखाचे वळ हायेत. दाखवू काय?"

मी म्हणालो, "ताई, मी मोजून पाह्यलं. चारशे तीस ग्रॅम पाणी कमी सांडते आता."

"पाण्याले हाडं असतात काय रे?"

"मग तिनं मले काऊन नाही सांगितलं?"

"कशी सांगंन? सामान तिच्या भावानं धाडलं. अन् तू गावभर गंजाचं कीर्तन करत फिरून राह्यला."

त्याच आठवड्यात मेहुणा बहिणीला भेटायला आला होता. त्याला मी काही सांगितलं नाही. फक्त म्हणालो, गाडी तू चालव, मला मागे बसायचंय. गावाबाहेर आल्यावर ती पडायची तसा मी सीटवर आडवा झालो, गुडघे दुमडून, डोक्याखाली उशी घेऊन. तोच तुकडा.

लाटा आल्या तेव्हा काहीच झालं नाही. गाडी सपाट गेली. मग ठिगळं सुरू झाली. प्रत्येक ठिगळाची कड चाकाखाली आली की सीटच्या पत्र्यातून एक बारीक, कडक ठोका वर यायचा आणि नेमका माकडहाडाच्या वर लागायचा. जुन्या बुशांवर हाच दणका बोथट होऊन यायचा. फाटकं का होईना, ते रबर तो गिळत होतं. ही लाल कडी काही गिळत नव्हती. ठोका लहान होता, गंजातलं पाणी त्यानं फार तर थरथरलं असतं, सांडलं नसतं. पण ते ठोके संपत नव्हते. माझी पाठ धडधाकट आहे, तरी पुढचं ठिगळ कधी येतं म्हणून मी दात आवळून वाट पाहायला लागलो. वाट पाहणं जास्त वाईट होतं.

मेहुण्यानं आरशात पाहिलं. "भाऊजी, झोप लागली काय?"

माझे डोळे मिटलेले होते.

मी त्याला गाडी थांबवायला लावली आणि त्याला मागे पडायला सांगितलं. फार लांब नेलं नाही. उतरल्यावर तो बोनेटला टेकून उभा राहिला. "आमच्या ग्रुपमध्ये सगळे हेच टाकतात," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण आम्ही सगळे चालवणारेच आहोत." घरी गेल्यावर तो बहिणीसमोर थोडाच वेळ बसला आणि त्याच संध्याकाळी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीचे साधे रबरी बुश घेऊन मलकापूरला गेलो. मेकॅनिकला पटेना. "साहेब, लोकं रबर काढून हे टाकतात. तुम्ही हे काढून रबर टाकून राह्यले. मलकापुरात माह्यी इज्जत राहीन काय?" मी त्याला कारण सांगितलं. मग त्यानं पाना उचलला. नव्या रबरांबरोबर पाणी मोजायचं काही कारण उरलं नव्हतं. परतीच्या वाटेवर ठिगळं आली तेव्हा मी एक-दोनदा हात मागे नेऊन मागच्या सीटवर टेकवून पाहिला, एवढंच.

त्या रात्री मी बायकोला विचारलं की मला का सांगितलं नाहीस.

"सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा गंज ठेवला असता," ती म्हणाली. हसल्यानं तिची पाठ दुखली, म्हणून ती मधेच थांबली. थोड्या वेळानं म्हणाली, "अन् मले काय माहीत गाडीचं हाय म्हणून? तुम्ही म्हणत होते गाडी चांगली झाली. मले वाटलं, माह्यंच वाढलं. वाढलंच हाय तर कायले जायचं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं असं मला वाटलं. मी म्हणालो, "ते गाडीचंच होतं. आता पाहा, कमी होईल." ती यायला तयार झाली.

त्या मंगळवारी कमी झालं, पण थोडंच. मी पंचेचाळीसनं चालवत होतो, ठिगळं बोथट लागत होती, आणि अकोटच्या अलीकडेच ताईनं दुसरी गोळी काढली. तेव्हा मला कळलं की गाडीचं गाडीनं केलं होतं आणि आजाराचं आजारानं, दोन्ही त्याच महिन्यांत. किती कुणाचं हे वेगळं काढायला कुठलाच काटा नव्हता.

डॉक्टरांनी विचारलं, "शून्य ते दहामध्ये किती दुखतं?" दर वेळी विचारायचे आणि ती चार म्हणायची. आज तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मी उठलो आणि पडद्याबाहेर जाऊन उभा राहिलो. कापडी पडदाच तो, सगळं ऐकू येत होतं.

"आठ," ती म्हणाली. "गाडीत नऊ."

"आणि मागच्या महिन्यात?"

"तेव्हा गाडीत…" ती थांबली. "दहाच्या वर असते काय हो?"

त्या दिवशी सलाईन लागलं नाही. नव्यानं काढलेल्या फोटोत मणक्याच्या आणखी दोन हाडांत आजार पसरलेला दिसत होता. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की आता प्रवास नको, औषध घरी देऊ, ते तुम्ही एकटे येऊन नेत जा. मी विचारलं की मधल्या खंडामुळे हे झालं का. ते म्हणाले, "तसं सांगता येणार नाही." मी तेवढंच घेऊन बाहेर आलो. त्यापुढे विचारलं असतं तरी त्यांना आकडा देता आला नसता.

परत निघताना मी गाडी पंचवीसच्या वर जाऊ दिली नाही. मागचे ट्रक हॉर्न देत पुढे जात होते. अकोला सुटून बराच वेळ झाला तेव्हा मागून तिचा आवाज आला.

"इतकं हळू नका चालवू."

"धक्के लागतीन."

"हळू चालवलं तर दुखणं जास्त वेळ चालते. तुमच्या नाही ध्यानात येत."

मी विचारलं, "मग किती ठेवू?"

"आकडा नका विचारू. मी सांगतो तसं चालवा."

आमच्याकडे बायकाही 'सांगतो' म्हणतात. ताईनं तिच्या पाठीखाली हात घातला, तिला थोडं उंच धरलं, काचेतून पुढचा रस्ता दिसेल इतकं. मग ती सांगायला लागली. "आता जाऊ द्या. जाऊ द्या. हळू. अजून हळू. हां, आता चाला." ठिगळं तिला माझ्याआधी दिसत होती. कुठे ती अर्धवट थांबायची, मग मी पाय ब्रेकवर ठेवून वाट पाहायचो. एकदा ती ओरडली, तेव्हा चूक तिची होती की माझी ते समजलं नाही. अकोट गेलं, हिवरखेड गेलं, तिचा आवाज बसला, तरी ती सांगत होती.

दारात गाडी लावली. तिला उचलून घ्यायला मी मागचं दार उघडलं.

"थांबा," ती म्हणाली. "अगोदर इंजिन बंद करा. त्याचंही लागते."