बांगड्यांची बाही

बीडला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. गिऱ्हाईक मोबाइल पुढं धरतं आणि म्हणतं, ताई, सेम टू सेम पाहिजे. फोटोतली बाई काडीसारखी, समोरची चांगली खात्यापित्या घरची, सेम कुठून आणू? माझं डोकंच फिरतं. पण माझ्या दुकानात सगळ्यांत जास्त खपलेली बाही कुठल्या मोबाइलमधून आली नाही. ती एका दगडावरून आली, आणि आणली माझ्या मावशीनं.

मावशी शिरूर कासारच्या पुढं एका खेड्यात राहते. नवरा गेला तेव्हा पोरगी मांडीवर होती. दीर-जावा ऊस तोडायला गेले की हिच्या दारात शिवणयंत्र चालू असायचं, त्यावरच पोरगी वाढली.

गावाच्या शिवेवर, बाभळीखाली एक जुना दगड उभा आहे. त्यावर नुसता एक हात कोरलाय, कोपरात वाकलेला, बोटं वर, मनगटापासून बांगड्याच बांगड्या. सतीचा दगड. नवरा मेला म्हणून कुण्या बाईला त्याच्याबरोबर जाळलं, त्याची ही खूण. कधी, कुणाची कोण, गावात कुणालाच ठाऊक नाही. लग्न झालं की जोडपी तिथं तेल वाहतात, पुरणाचा नैवेद्य दाखवतात, वर सेल्फी काढतात. मला लहानपणी त्या दगडाची भीती वाटायची, आता राग येतो.

मावशीनं मात्र बांगड्या बघितल्या. शिवणाऱ्या बाईची नजर ती! तेलाची पुटं चिंधीनं पुसली, बोटांनी चाचपून पाहिलं: एक जाड, दोन बारीक, मग मण्यांची, पुन्हा जाड. घरी येऊन बाहीवर तसेच पट्टे बसवले. जाड बांगडीला जरीचा काठ, बारीकला नुसता गोट, मण्यांच्या जागी मोती. अगं बाई, काय बाही झाली! घालणारीचा हात कोपरापर्यंत भरलेला दिसायचा. कडा, आष्टी अशा लांबच्या गावांच्या नवऱ्या विचारत विचारत तिच्या दारात यायला लागल्या. मी ती बाही बीडला आणली आणि ताठ मानेनं सांगत सुटले की ही माझ्या मावशीची.

एकदा मी हट्टानं तिच्याबरोबर दगड बघायला गेले. तिनं फडकं सोडलं तर आत ज्वारीची भाकरी, ठेचा आणि कांदा. मी म्हटलं, लोक पुरण आणतात आणि तू हे काय आणलंस? ती दगडापुढं घास ठेवत म्हणाली, "जाळायला नेताना कुणी जेवू घातलं आसंल का तिला? गोडाचं काय घिऊन बसलीस, पोटाला भाकर लागती." मग बांगड्यांवरून हात फिरवून सावकाश बोलली, "आन जिती ऱ्हायली आसती, तर ह्या तरी ठिवल्या आसत्या का तिच्या हातात?"

अर्धी भाकरी तिनं मला दिली. ठेचा जहाल होता, डोळ्यांतून पाणी आलं ते ठेच्यावर ढकलता आलं.

मावशीचे स्वतःचे हात मोकळे. आमच्याकडं लग्नाची आमटी येसराशिवाय होत नाही. धान्य-मसाले भाजून दळलेलं ते पीठ, आणि ते भाजावं मावशीनंच, असं सगळी भावकी म्हणायची. म्हणजे आमटीला हिचा हात चालायचा, हळदीला चालायचा नाही. आमटी खाऊन बोटं चाटणारी हीच माणसं. असल्या वेळी मला एकेकाला धरून विचारावंसं वाटतं.

यंदा तिच्या पोरीचं लग्न निघालं. पोरीनं एकच मागितलं: चुडा भरताना आई शेजारी बसली पाहिजे आणि तिनंही भरला पाहिजे. मावशी हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. चुड्याच्या दिवशी ती मागच्या अंगणात चुलीपाशी येसर भाजत बसली, आणि पुढं तिच्या थोरल्या जावेनं आईच्या जागेवर बैठक मारली. मी तोंड उघडलं तशी मावशीनं मागूनच दटावलं, पोरीच्या कार्यात तमाशा नको.

बांगड्या भरायला शिरूरची मणियारीण आली होती. म्हातारी बाई, सगळा गाव तिला खाला म्हणतो. चुड्याची रीत अशी की आधी नवरीचा हात, लगेच आईचा, मग बाकीच्यांचा. खालानं पोरीचा हात भरला आणि विचारलं, आई कुठं हाय? जाऊबाई म्हणाली, तिला मालक नाहीत, तिचं काय काम इथं, माझा भरा.

खालानं बांगड्या खाली ठेवल्या. आवाज चढवला नाही. "बाई, मला तरी मालक कुठं हाय? आमचं माणूस जाऊन लई वरसं झाली. तुमच्या लग्नाचा चुडा याच हातानं भरला. तवा चालला ना?"

मी तर थक्कच झाले. गावातल्या प्रत्येक सवाष्णीचा हात ज्या हातातून भरून गेला, तो हात विधवेचा आहे हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. जाऊबाई पदर सावरत बाजूला सरकली.

पोरगी उठली आणि आईला हाताला धरून घेऊन आली. मावशीच्या बोटांना येसराचं पीठ तसंच होतं. खालानं तो हात मांडीवर घेतला, दाबून दाबून मऊ केला. पण उभा जन्म कात्री धरलेला हात तो, हाडं घट्ट झालेली. पहिलीच हिरवी बांगडी अंगठ्यापाशी अडकली आणि कडकन फुटली. तळव्यावर रक्ताचा थेंब आला.

सगळ्यांच्या तोंडून एकदम 'अगंबाई' निघालं. कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटलं की बघा, देवाच्याच मनात नाही. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. खालासुद्धा थांबली आणि मावशीच्या तोंडाकडं बघायला लागली.

मावशीनं पदरानं रक्त टिपलं, काचा गोळा करून बाजूला सारल्या आणि हात पुन्हा पुढं केला.

"काचच हाय, फुटायचीच," ती म्हणाली. "दुसरी घाल."