हरभऱ्यात उतरलेले पट्टकदंब

आमच्या पक्षी बघणाऱ्या टोळीत सगळ्यांत नेमानं येणारं माणूस म्हणजे पिंगळीच्या सुकेशनीताई, अन् नेमकं त्यांनाच दिसत न्हाई! काचबिंदू. अंगणवाडीतून निवृत्त झाल्या तेव्हापासून नजर चाललीय. चार हातांपलीकडं नुसतं धुकं, दुर्बीण लावून बी तेच. तरी आखाडात सुगरणीचे खोपे बघायला चिखल तुडवत येणार, वैशाखात आटलेल्या तळ्यावर उन्हात बसणार, अन् विचारणार, "रोहिणी, काय करायलंय गं ते?" सांगून सांगून माझा घसा बसायचा.

त्यांची एकच हौस. हिमालय ओलांडून येणारा पट्टकदंब हंस एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. डॉक्टर तर म्हणाले होते, पुढच्या हिवाळ्यापर्यंत आहे ती बी नजर राहायची न्हाई.

या पौषात झरीकडच्या तळ्यावर पट्टकदंब उतरल्याची खबर आली. आमचा नियम एकच, कपडे मातकट पाहिजेत. अन् ताई आल्या पांढऱ्याशुभ्र साडीत!

"अवो ताई, पाखरं बुजतील की!" मी चिडलेच.

"पौर्णिमा हाय गं. विहारातनं वंदना करून तशीच आले."

त्यांना मागं हरभऱ्याच्या बांधावर बसवलं अन् आमी पाण्याकडं सरकलो. ताईंनी मांडी घातली, ध्यानाला बसतात तशी.

आमी दुर्बिणी लावतो न लावतो तोच टोळीतल्या भुजंगरावांच्या पोटरीत गोळा आला. "आई गं!" करून ते ताडकन उभे राहिले. झालं! अख्खा थवा उठला. "आता बसा बोंबलत," मी करवादले.

थवा वर चढला, वळला, आमच्या डोक्यावरून मागं गेला अन् हरभऱ्यात उतरला. ताईंच्या पुढ्यात! चरत चरत त्यांच्याकडंच यायला लागला. ताई हलेनात. एक पाखरू तर पार त्यांच्या पदराजवळ येऊन पाला ओढायलं. बाई गं, माझ्या अंगावर सरसरून काटा आला. असं कधी बघितलंच नव्हतं, श्वास घ्यायची बी भीती वाटायली.

थवा उडून गेल्यावर मी पळत गेले. ताईंचे गाल ओले झालेले.

"ताई, डोक्यावरचे काळे पट्टे दिसले का?"

"पट्टे तर दिसलेच," त्या म्हणाल्या. "त्येचा डोळा दिसला गं मला. तपकिरी हाय. मलाच बघायलता."