फोनमधली झोपलेली पोट्टी

फोनमधी पोट्टी झोपूनच होती, अन् तिचं रडणं मले जिन्यातून ऐकू आलं.

तव्यावर पोळी तशीच टाकून मी पळाली. बेसा वस्तीमधी आमची खोली सगळ्यात वर, गच्चीले लागून, अन् ज्या मेसमधी मी पोळ्या लाटते ते खाली. पोट्टी नुकतीच रांगाले लागली. ते निजली की जुना फोन डब्याले टेकवून व्हिडिओ कॉल लावाचा, अन् माहा फोन परातीजवळ ठेवून लाटत राहाचं. बाहेरून कडी लावाचं मले भेव वाटे, म्हणून दाराले नुसती बादली लावली होती.

बादली आडवी पडली होती. पोट्टी वरच्या पायरीवर पालथी, एक हात खाली लटकून राहिला होता. उचललं तिले. माहे हात पिठाचे. कडेवर पोट्टी रडे, अन् हातातल्या फोनमधी तेच पोट्टी शांत निजलेली.

चित्र अटकलं होतं. कधीपासून, मले काय माहीत. मी तं मधातमधात पाहून खुश होत होती, का आज कशी गाढ निजली बाई.

इंटरनेट कंपनीत फोन लावला. तिकडचा पोरगा म्हणे, "मॅडम, प्लान अनलिमिटेडच आहे. लिमिट संपली म्हणून फक्त स्पीड कमी झाली."

"अनलिमिटेडले लिमिट काहून असते भाऊ?"

"मेसेज पाठवला होता, मॅडम."

मेसेज आमच्या यांच्या नंबरवर. हे ऑटो चालवतात. म्हणे, "आला होता वं. मले वाटलं जाहिरात असन." अन् लिमिट खाल्ली कशानं, तं त्याच दिवसभराच्या कॉलनं.

मेसवाली काकू म्हणे, "कॅमेरा का पोट्टीले धरते का वं? खाली आण तिले." खाली येवढी मोठी कढई, तेल कडकडून राहते. कुठी ठेवू? काम सोडलं तं खोलीही जाते, खोली काकूचीच.

आता पोट्टीच्या मागं भिंतीवर घड्याळ टांगलं. काटा हालला म्हणजे चित्र चालू. पण मंग मी काट्याकडेच पाहत राहते, पोळ्या जळतात, काकू ओरडते. काटा जरासा थांबल्यासारखा वाटला की मी जिन्यात. वर जाऊन पाहते तं पोट्टी निजलेलीच, माह्या धापेनं जागी होते.

तुम्ही माह्या जागी असत्या तं काय केलं असतं? कडी लावली असती, का काम सोडलं असतं?