तपासणीआधीची गोळी

बाळांनो, आमच्या शेजारणीचा मला अजून राग येतो. वसमतला ती हळदीच्या पॉलिशच्या कामाला जाते. नाक बारा महिने चोंदलेलं, छातीत शिट्टी वाजते. तरी चारचौघांत खोकला आला की ती पदर तोंडात कोंबते आणि म्हणते, "काई न्हाई काकू, धुराळा हाय."

डॉक्टरांना ॲलर्जीचा दमा वाटला. त्यांनी रक्तातल्या इओसिनोफिल पेशी मोजायला सांगितल्या. ॲलर्जीत या पेशी वाढतात आणि नाक, श्वासनळ्या आतून सुजवतात. रिपोर्ट घेऊन ही हसतच आली. "काकू, एक बी न्हाई निघाली!"

छातीत शिट्टी वाजते आणि पेशी एकही नाही? मला शंका आली. "कुठली गोळी घेतली होतीस का?"

"मेडिकलवाल्यानं देल्ती. चार दिस खाऊन राहिले. डाक्टरम्होरं खोकत जावं काय?"

गोळ्यांच्या पाकिटावरचं इंग्रजी नाव मी वाचलं. स्टिरॉइड! पेशी त्यानंच दाबल्या होत्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकणाऱ्या दुकानदाराला मी भर बाजारात सुनावलं आणि पाकिटासकट हिला डॉक्टरांकडे नेलं.

तिथं बसताच हिचा पदर पुन्हा तोंडाशी गेला. मी तिचा हात धरून खाली ओढला.

"खोक," मी म्हटलं. "मोठ्यानं खोक."