जुळवलेले पाय

आमच्या सुईणबाई, गंगूमावशी, पाटावर बसतात, पाय लांब करतात आणि दोन्ही नडग्या जुळवतात. मध्ये जी पन्हळ तयार होते, तिच्यात माझं बारा दिवसांचं बाळ पालथं पडून न्हातं. याच घरात मावशींच्या हातांवर ते जन्मलं. तेलानं त्या नडग्या कशा चकाकतात! गावातला पोस्टमन, छडीवाले गुरुजी, मिशांना पीळ देणारे सरपंच, सगळे कधीतरी या पन्हळीत ओलेचिंब होऊन किंचाळलेत. जमिनीची ओळख होण्याआधी माणसाला असे कुणाचे तरी पाय लागतात, हे मला इतकी वर्षं सुचलंच नव्हतं.

आज मावशी म्हणाल्या, "आता तू बस."

"पडेल हो ते!"

"पडतंय कशाला? पाय जुळव. बाकीचं त्याला कळतं."

मी बसले. कोमट पाण्याचा पहिला तांब्या पाठीवर पडताच बाळानं भोकाड पसरलं, दुसऱ्याला नुसता हुंदका दिला आणि तिसऱ्याला चक्क जांभई. मला हसू आवरेना. वर पाहिलं, तर भिंतीला टेकून बसलेल्या मावशींचे हात आज कोरडे होते. पाय मात्र लांब केलेले, नडग्या घट्ट जुळवलेल्या.