पाठ फिरवून ऐकलेली चार गाणी

तेरखेड्याच्या फाट्यावरून माझी गाडी सुटली तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हात हलवला नाही. रस्त्याकडं पाठ फिरवून ते उभे राहिले. मी जपानला निघालो होतो. मागच्या काचेतून ती पाठ लहान होत गेली, आणि पुढं बावीस वर्षं मी ती नाराजी म्हणूनच धरून चाललो.

इथं नागोयाजवळ मी गाड्यांच्या सुट्या भागांची तपासणी करतो. आकड्यांवर माझा विश्वास आहे. मुलगी मीरा इथंच जन्मली. ती एका जपानी पॉवर मेटल बँडमध्ये ड्रम वाजवते. चढा गळा, सुसाट गिटार आणि लढाईला निघाल्यासारखा ताल, असं ते संगीत. यंदा त्यांची चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड निघाली आणि समीक्षा येऊ लागल्या. एका मासिकानं गायिकेचं कौतुक करून शंभरपैकी अठ्ठ्याहत्तर दिले. दुसऱ्यानं साठ देऊन लिहिलं, ड्रम थांबतच नाहीत, त्यामुळं मोठी जागा मोठी वाटत नाही. मी सरासरी काढून तिला सांगितली: एकोणसत्तर, फर्स्ट क्लास.

“पप्पा, ही तुमची दहावी नाही,” ती म्हणाली आणि ड्रमच्या काठ्या दाराजवळच्या चपलांच्या कपाटात टाकून आली. रविवारच्या सरावाला जाऊन ती बँड सोडते असं सांगणार होती.

मला दुसरं काही सुचेना. धाकट्या भावाला, दत्ताला, गाणी पाठवली आणि आबांना ऐकवायला सांगितलं. आबांचं आयुष्य फटाक्यांच्या कारखान्यात गेलं. तयार मालातला एक नग माळावर उडवायचा आणि पारखणाऱ्यानं लांब जाऊन, पाठ फिरवून ऐकायचं, ही त्यांची रीत. उजेड दिसला की कान फसतात, असं ते म्हणत.

दत्तानं त्याच माळाच्या बांधावर स्पीकर ठेवून व्हिडिओ कॉल लावला. मीरा माझ्या खांद्यामागून बघत होती. पडद्यावर, चिंचेच्या पलीकडं, आबांची पाठ. चार गाणी संपली तरी ते हलले नाहीत. मग सावकाश चालत आले.

“माल दमदार हाय,” ते मीराला म्हणाले. “पण बाई, तू सगळी लड एकदमच पेटवलीस. मधी जरा थांब. थांबलीस की फुडचा बार मोठा लागतो.”

साठ देणाऱ्याचंच म्हणणं ते. पण मीरा हसली. पुन्हा ऐकाल का, असं तिनं विचारल्यावर म्हणाले, “हे ऐकलं की. नवं कर, मग बोलव.”

गाणं संपूनही ते इतका वेळ का उभे होते, हे मी नंतर दत्ताला विचारलं.

“त्यांचं तसंच असतंय, दादा. आवाज पार विरेस्तोवर हलत न्हाईत. तुमी गेलात तवाबी फाट्यावर असंच हुते, गाडीचा आवाज जाईस्तोवर. लई येळ.”

रविवारी मीरा काठ्या घेऊन सरावाला गेली.

गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या माझ्या माणसांनो, घर कुठं असं कुणी विचारलं की मी आजवर पत्ता सांगायचो. कधी इथला, कधी तिथला. आता आधी तो माळ डोळ्यापुढं येतो, आणि माझ्याकडं पाठ करून उभे असलेले आबा, अजून ऐकत असलेले.