बचनागाचे वाफे

भर उन्हाळ्यातही अंगात लोकर लागते अशा उंच डोंगरउतारावर ती बचनाग लावायची. हे काम मुळात नवऱ्याचं. तो गेला आणि वाफे तिच्या गळ्यात पडले. कुजक्या पाल्याची भुसभुशीत माती हवी, अर्धी सावली हवी, ओल हवी पण पाणी साचायला नको. एवढे लाड पुरवले की निळ्या टोपड्यांसारखी फुलं यायची. विकायच्या त्या मातीतल्या काळपट मुळ्या. वैद्य त्या दुधात शिजवून शुद्ध करायचे आणि तापाच्या, सांधेदुखीच्या औषधात अगदी कणभर घालायचे. कच्ची मुळी म्हणजे मरणच.

लोक तिला विषवाली म्हणायचे. तिच्या घरी चहा समोर आला की पाहुणे आधी तिच्या कपाकडे बघायचे. ती हसण्यावारी न्यायची, पण तिलाही धास्ती होतीच. वाफ्यातले हातमोजे, सुरी, घमेलं, काहीच घरात येत नसे.

त्या दिवशी मुळ्या शेडमध्ये वाळत घालून, कुलपाची किल्ली घरात खुंटीला अडकवून ती दुकानात गेली. परत येते तो कुलूप निघालेलं, कडी उघडी, आणि चाळणीवरच्या ओळीत एक जागा रिकामी. ती तशीच स्वयंपाकघरात धावली. लेक सूप ढवळत होती.

"यात काय घातलंस?"

"गाजर. का गं?"

तिने पातेलं उचललं आणि सगळं सूप मोरीत ओतलं.

"आजी कुठाय?"

सासूबाई खोलीत पलंगावर बसल्या होत्या. गुडघ्यावर तपकिरी लेप, आणि त्याखाली खाजवून सोललेली कातडी.

"आई, हे काय लावलंत?"

"तुझीच मुळी. सांधेदुखीला देतात म्हणालीस ना? बघ, दुखणं पळालं. पायाला मुंग्या तेवढ्या आल्यात."

तिने भांडी घासायचे हातमोजे चढवले आणि साबणाच्या पाण्याने गुडघा धू धू धुतला.

"तोंडात नाही ना घातली?"

"बोट जरासं चाटलं. कडू आहे का बघायला."

शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखान्यात जाताना सासूबाईंचे ओठ बधिर झाले. विषवालीने मनगट धरून ठेवलं होतं. नाडी मध्येच अडखळायची, मग सुसाट सुटायची.

दवाखान्यात छातीला यंत्राच्या तारा लावल्या. "मुळी घरात आली कुठून?" नर्सने विचारलं.

"मीच लावते," ती म्हणाली. बाकावरची माणसं जरा सरकून बसली. सुनेनेच विष घातलं, असं उद्या सगळे म्हणतील, हे तिला दिसत होतं. पण आत काही बरंवाईट झालं तर, या भीतीपुढे ती भीती काहीच नव्हती.

संध्याकाळी ठोके ताळ्यावर आले. डॉक्टरांनी तिला आत बोलावलं.

"सगळे वाफे उपटून टाकते, आई," ती म्हणाली.

"आणि खायचं काय? उपटू नकोस. किल्ली मात्र मला सापडेल अशी ठेवू नकोस." सासूबाईंचा आवाज खोल गेला होता, पण डोळ्यांत खट्याळपणा होता.

वाफे राहिले. मुळ्या आता घरी वाळत नाहीत, काढल्या की ओल्याच वैद्यांकडे जातात. सासूबाई पुढे बरीच वर्षं जगल्या, गुडघ्यांना शिव्या देत. पण आजही घरात कुणी पहिल्या हाकेला ओ दिली नाही, तर ती हातातलं टाकून धावत सुटते.